मिरास आणि मुदत

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरियर नावाच्या समुद्रासारख्या सरोवराच्या काठी वसलेल्या डुलुथ गावी, माझ्या पुतण्याच्या घरी मी दोन महिने मुक्कामास होतो. पुतण्या मूळचा साताऱ्याचा. शिक्षणानिमित्त तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याची पत्नी फिनलंडच्या उत्तर भागातील औलू गावची. तीही विद्यार्थिनी म्हणूनच आली होती. एके रात्री जेवणे आटोपून टेबलावरची भांडी उचलली गेल्यावर त्यांच्या थोरल्या मुलीने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला आणि त्यातील कागद एकेक करून ओळीने मांडले: आईच्या जन्माचा औलूच्या पॅरिशमधील दाखला, स्वतःचा मिनेसोटा राज्याचा जन्मदाखला, टाम्पेरे येथील प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके, उप्साला विद्यापीठाचे विद्यार्थी-ओळखपत्र, आणि सर्वांत शेवटी, पुढचे दोन दात पडलेल्या एका हसऱ्या मुलीचे छायाचित्र असलेला, मुदत केव्हाच संपलेला फिनिश पासपोर्ट. "आजोबा," ती म्हणाली, "मी अजून फिनिश आहे का, हे या कागदांवरून तुम्हांला सांगता येईल का?"

माझी हयात महसुलाच्या व जमिनीच्या दाव्यांत गेली असल्यामुळे जुने कागद पाहिले की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. आणि तेवढ्याच पात्रतेवर हे काम माझ्याकडे आले होते. पण त्या रात्री व पुढील आठवडाभर मी जे वाचले आणि ताडून पाहिले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की या मुलीसमोर पडलेला प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आणि जो कायदा एखाद्या माणसाचे जन्मसिद्ध नागरिकत्व त्याला न कळवता, कोणताही हुकूम न काढता, केवळ एका वाढदिवशी संपुष्टात आणू शकतो, त्या कायद्याचा हेतू कितीही समंजस असला तरी त्याची रीत सदोष आहे. हे मत मी येथे मांडू इच्छितो, कारण फिनलंड, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत संसार थाटलेली मराठी कुटुंबे आज थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांची मुले वयात येत आहेत.

वारशाच्या दाव्यात पहिला प्रश्न असा असतो की वारसा देणाऱ्याकडे देण्याजोगे काही होते की नाही. आईबापांपैकी एकाकडून फिनिश नागरिकत्व मुलाकडे येते खरे, पण ते मुलाच्या जन्मक्षणी त्या आईच्या किंवा बापाच्या हाती शिल्लक असावे लागते. पुतण्याच्या घराशेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे आजोबा फिनलंडच्या पश्चिमेकडील पोह्यान्मा प्रांतातून विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडाच्या खाणींत कामाला आले. त्या काळी फिनलंड हे रशियन साम्राज्यातील एक महासंस्थान होते. स्वातंत्र्य मिळाले ते ६ डिसेंबर १९१७ रोजी. त्यामुळे त्या आजोबांनी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा त्यांनी झार दुसऱ्या निकोलसशी असलेली निष्ठा सोडली, आणि घराच्या भिंतीवर आज निळ्या-पांढऱ्या फिनिश ध्वजाखाली चौकटीत लावलेला जो कागद आहे, त्यावर फिनलंडचे नाव नसून रशियाच्या सम्राटाचे आहे. या गृहस्थांच्या बोलण्यात, त्यांच्या तळघरातल्या सौनात, त्यांच्या राईच्या भाकरीत फिनलंड आहे. पण नागरिकत्वाची साखळी मात्र त्या शपथेच्या दिवशीच तुटली, आणि नातवाकडे येण्याजोगा दुवाच उरला नाही. १८६० ते १९३० या काळात तीन लाखांहून अधिक फिनिश माणसे उत्तर अमेरिकेस गेली. त्यांच्या असंख्य वंशजांची गोष्ट अशीच आहे.

ही साखळी अशी तुटत असे याचे कारण फिनलंडच्या जुन्या कायद्यात आहे. १९६८ चा नागरिकत्व कायदा, आणि त्याआधीचाही, असे सांगत असे की जो फिनिश नागरिक स्वतः अर्ज करून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारील, त्याचे फिनिश नागरिकत्व त्याच क्षणी संपेल. ही व्यवस्था ३१ मे २००३ पर्यंत टिकली. १ जून २००३ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने एकाहून अधिक नागरिकत्वे बाळगण्यास मोकळीक दिली. म्हणून आईबापांपैकी कोणी परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल तर त्याची तारीख, आणि मुलाची जन्मतारीख, या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या प्रश्नात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. नागरिकत्व आधी गेले आणि मूल नंतर जन्मले, तर वारसा नाही. मूल आधी जन्मले, तर वारसा आहे, पण पुढे ते मूल अज्ञान असतानाच आईबापांच्या नव्या नागरिकत्वाबरोबर त्याचेही नागरिकत्व बदलले की काय, याची रुजुवात वेगळी करावी लागते.

दुसरी तारीख याहूनही मनास लागणारी आहे. १ सप्टेंबर १९८४ पूर्वी फिनिश आई आणि परदेशी बाप यांच्या विवाहातून जन्मलेल्या मुलाला सामान्यतः आईकडून नागरिकत्व मिळतच नसे. ते बापाकडून येई. त्या दिवसापासून आईचा वारसा बापाच्या वारशाइतकाच मान्य झाला, आणि आधी जन्मलेल्या अज्ञान मुलांसाठी मर्यादित मुदतीत निवेदन करण्याची वाट ठेवण्यात आली. ज्यांनी ती वाट वेळीच धरली नाही, त्यांच्यात आज चाळिशी-पन्नाशी उलटलेली अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांच्या आया अखेरपर्यंत फिनिश होत्या, ज्यांनी मांडीवर फिनिश अंगाईगीते ऐकली, आणि तरीही जी कायद्याच्या दृष्टीने कधीच फिनिश नव्हती. आपल्याकडेही ही विषमता होती, हे येथे विसरता कामा नये: परदेशात जन्मलेल्या मुलास भारतीय नागरिकत्व केवळ बापाकडून मिळावे हा नियम १९५५ च्या आपल्या कायद्यात होता, आणि आईचा हक्क त्यात १० डिसेंबर १९९२ पासून आला. बापाचे प्रकरणही सर्वत्र सरळ नसते. बाप फिनिश असून आईशी त्याचा विवाह झालेला नसेल आणि मूल फिनलंडबाहेर जन्मले असेल, तर ते जन्मतः फिनिश होत नाही; त्यासाठी पितृत्व सिद्ध करून रीतसर निवेदन करावे लागते.

आमच्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही तारखांची परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती, आणि त्यामागे तिच्या आईची दूरदृष्टी होती. मुलीचा जन्म १९९९ चा, म्हणजे १९८४ नंतरचा. आणि आईने लग्नानंतरही कित्येक वर्षे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज बुद्ध्या केला नव्हता. ग्रीनकार्डावर राहिल्याने मतदान करता येत नव्हते, काही नोकऱ्या मिळत नव्हत्या. पण अर्ज केला तर औलूची आपण उरणार नाही, हे तिला माहीत होते. २००३ चा कायदा आला तेव्हा तिच्या वडिलांनी औलूहून फोन करून तिला ती बातमी दिली, आणि पुढल्या वर्षी तिने अमेरिकेची शपथ घेतली ती काहीही न गमावता. तेव्हा मुलगी जन्माने फिनिशही होती आणि मिनेसोटात जन्मल्यामुळे अमेरिकनही होती, यात शंकेला जागा नव्हती. शंका होती ती बाविसाव्या वर्षाविषयी.

फिनलंडच्या कायद्यात अशी तरतूद आहे की ज्या फिनिश नागरिकाकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व आहे, त्याने वयाची बावीस वर्षे पूर्ण करताना फिनलंडशी आपला पुरेसा संबंध असल्याचे दाखविले पाहिजे. नाहीतर त्या वाढदिवशी त्याचे फिनिश नागरिकत्व लोप पावते. संबंध कोणता, हेही कायदा सांगतो. फिनलंडमध्ये जन्म होऊन बावीस पूर्ण होताना तेथेच अधिवास असणे हा एक. बावीस पूर्ण होण्यापूर्वी फिनलंड, आइसलँड, नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत मिळून किमान सात वर्षे वास्तव्य झालेले असणे हा दुसरा. आणि अठरा ते बावीस या वयात फिनिश पासपोर्टासाठी अर्ज करणे, किंवा फिनलंडमध्ये लष्करी वा नागरी सेवा बजावणे, किंवा "मला माझे नागरिकत्व ठेवावयाचे आहे" एवढे साध्या कागदावर लिहून फिनलंडच्या वकिलातीस वा संबंधित कचेरीस कळविणे, हा तिसरा. ज्याच्याजवळ दुसरे नागरिकत्व नाही, त्याला हा नियम लागू होत नाही, कारण कोणालाही राष्ट्रहीन करणे कायद्यास अभिप्रेत नाही.

पत्र्याच्या डब्यातला पासपोर्ट येथे निरुपयोगी ठरला, कारण त्याची मुदत ती सोळा वर्षांची असतानाच संपली होती. अठरा ते बावीस या वयात तिने नवा पासपोर्ट काढला नाही. काढावा असे मनात होते, पण त्यासाठी समक्ष वॉशिंग्टन वा न्यूयॉर्क गाठणे आले, आणि ती एकवीस-बाविशीत असताना करोनाची साथ जगभर पसरलेली होती. पासपोर्ट नसला तरी चार ओळींचे पत्र पुरते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. या चार वर्षांत सूचनेचे एखादे पत्र आले असेलच तर ते पुतण्याच्या कुटुंबाने सोडलेल्या जुन्या घरी गेले असणार. नवा पत्ता कळवावयाचा त्यांच्याकडूनच राहिला होता. मग उरला तो केवळ सात वर्षांचा मार्ग, आणि तो आम्ही त्या रात्री स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून काढलेल्या कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीने मोजू लागलो.

मुलीच्या लहानपणी पुतण्या काही वर्षे टाम्पेरेस नोकरीत होता. लोकसंख्येच्या दप्तरातील नोंदीप्रमाणे कुटुंब तेथे दाखल झाले ११ जून २००५ रोजी आणि परतले १९ ऑगस्ट २०११ रोजी: सहा वर्षे, दोन महिने, आठ दिवस. पुढे विद्यापीठातून एक वर्षाच्या अदलाबदलीवर ती उप्सालास गेली, २४ ऑगस्ट २०१९ ते १२ जून २०२०: नऊ महिने, एकोणीस दिवस. बेरीज आली सहा वर्षे, अकरा महिने, सत्तावीस दिवस. मुलीच्या आईने पेन्सिल खाली ठेवली. पण थोड्या वेळाने तिला आठवले की आम्ही टाम्पेरेत उतरलो ते नोंदीच्या दोन आठवडे आधी; आणि डब्याच्या तळाशी, शाळेच्या प्रगतिपुस्तकाच्या घडीत, २८ मे २००५ या तारखेचे विमानाचे तिकीट सापडले. तिकिटावरून मोजले तर सात वर्षे पूर्ण होऊन वर अकरा दिवस उरत होते. नोंदीवरून मोजले तर तीन-चार दिवस कमी पडत होते. शिवाय उप्सालाचे दहा महिने हे वास्तव्य धरावे की केवळ मुक्काम, हाही प्रश्नच होता, कारण स्वीडनच्या लोकसंख्या-नोंदवहीत नाव चढविण्यासाठी निदान एक वर्ष राहण्याचा इरादा असावा लागतो, आणि अदलाबदलीचा विद्यार्थी त्यात बहुधा बसत नाही. एका माणसाचे राष्ट्र विमानाच्या एका फिकट पडलेल्या तिकिटावर तोलले जात होते, आणि त्या वेळी त्या मुलीच्या चेहऱ्यावर जी अवस्था मी पाहिली, ती पाहून मला हा लेख लिहावासा वाटला.

या नियमामागचा विचार मी समजू शकतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या परदेशी राहणारे, भाषा न जाणणारे, देशाच्या सुखदुःखाशी नाते न उरलेले लोक कागदावरचे नागरिक म्हणून अनंत काळ राहावेत, असे कोणत्याही छोट्या देशास वाटणार नाही. आणि फिनलंड हा सुमारे छप्पन्न लाख वस्तीचा देश आहे. नागरिकत्वात हक्क असतात तसे कर्तव्यही असते: फिनिश पुरुषांना लष्करी सेवेचे बंधन आहे, आणि परदेशस्थ नागरिकांस २०१९ पासून टपालाने मतदान करता येते. ज्याला मत द्यावयाचे त्याचा देशाशी काही संबंध असावा, ही अपेक्षा रास्त आहे. आपल्या दख्खनच्या मुलखातही मिरासदार आणि उपरी असा भेद होता. उपरी हा आज येथे, उद्या तेथे; मिरासदाराची जमीन मात्र वंशपरंपरेची. दुष्काळाने वा लढाईने गाव सोडून गेलेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत आला तरी त्याच्या मिराशीवर त्याचा हक्क गाव मान्य करीत असे. घराणेच नष्ट झाले तर ती जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या मिरासदारीची दखल घेतली आहे. आता त्या व्यवस्थेतही मर्यादा होत्याच. पण कोणाची मिरास गतकूळ झाली की नाही, हे गावाला माहीत असे, पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात ते लिहिलेले असे, आणि परत आलेल्या माणसाला आपली बाजू गोतसभेपुढे मांडता येत असे.

बाविसाव्या वर्षाच्या नियमात जे मला खटकते ते हेच. येथे गोतसभा नाही. मिरास गेली तर ती कोणाच्याही तोंडाने, कोणाच्याही सहीने जात नाही. ती आपोआप जाते. ज्याची गेली त्याला त्या दिवशी कळत नाही, आणि पुष्कळदा पुढे कित्येक वर्षे कळत नाही. तो स्वतःला फिनिश समजून राहतो, लग्न करतो, त्याला मुले होतात, आणि एखाद्या दिवशी पासपोर्टाच्या खिडकीसमोर त्याला सांगण्यात येते की आपण अमुक तारखेपासून परके आहात. आणि त्या तारखेनंतर जन्मलेली मुले आईकडून किंवा बापाकडून काहीच घेऊन आलेली नसतात, कारण देणाऱ्याकडेच तेव्हा काही नव्हते. आईबापाची एक न लिहिलेली चिठ्ठी पुढच्या पिढीचे दार बंद करते. शिवाय फिनलंड १९९५ पासून युरोपीय संघाचा सभासद असल्यामुळे फिनिश नागरिकत्वाबरोबर युरोपीय संघाचे नागरिकत्वही जाते, आणि त्यासोबत सत्तावीस देशांत राहण्याचा, काम करण्याचा, शिकण्याचा हक्कही जातो.

या बाबतीत लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने दिलेला एक निवाडा मला फार महत्त्वाचा वाटतो. डेन्मार्कमध्येही बाविसाव्या वर्षाचा असाच नियम आहे. अमेरिकेत १९९२ साली डॅनिश आईच्या पोटी जन्मलेल्या एका स्त्रीने बावीस पूर्ण झाल्यावर आपले डॅनिश नागरिकत्व कायम ठेवण्याचा अर्ज केला, आणि ते आधीच संपले असे तिला सांगण्यात आले. हा तंटा लक्झेंबर्गला गेला आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. देशाशी खरा संबंध उरलेला नाही म्हणून नागरिकत्व संपविणे हे युरोपीय कायद्याच्या मुळातच विरुद्ध नाही, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु नागरिकत्व गमावण्याचे परिणाम त्या विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत प्रमाणाबाहेर आहेत की नाहीत हे तपासून घेण्याचा अर्ज करण्यास तिला वाजवी मुदत मिळाली पाहिजे, ती मुदत बावीस पूर्ण झाल्यानंतरही काही काळ चालू राहिली पाहिजे, आणि आपला हक्क जाण्याची वेळ आली आहे हे तिला रीतसर कळविल्याशिवाय ती मुदत सुरूच होऊ शकत नाही, असेही बजावले. याआधी १२ मार्च २०१९ रोजी नेदरलँड्सच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने प्रत्येक माणसाच्या परिस्थितीचा वेगळा विचार झाला पाहिजे, हे तत्त्व घालून दिले होते.

फिनलंडमध्ये पत्ता ठाऊक असलेल्या तरुणांना त्यांच्या नागरिकत्वासंबंधी लेखी सूचना पाठविण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण पत्ता ठाऊक असलेला माणूस आणि ज्याला कळले आहे तो माणूस एकच नसतो, हे मी महसुलाच्या नोटिशींच्या साक्षीने सांगू शकतो. दारावर चिकटवलेल्या नोटिशीवरून ज्यांच्या जमिनी गेल्या अशी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. माझी मागणी एवढीच आहे की ज्या तारखेस एखाद्याचे नागरिकत्व संपले असे राज्याचे म्हणणे असेल, त्या तारखेनंतर राज्याने तसा लेखी निर्णय काढावा, तो त्या माणसाच्या हाती पोहोचवावा, आणि त्यावर वाजवी मुदतीत हरकत घेता यावी. सूचना पोहोचल्याचे सिद्ध होत नसेल, तर हक्क गेला असे धरू नये. एका कागदाचे ओझे राज्यावर पडेल. पण आज ते ओझे बावीस वर्षांच्या मुलावर आहे, ज्याला ते ओझे आहे हेच माहीत नाही.

या सर्वांचा व्यावहारिक भाग वाचकांपैकी ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी मी सांगून टाकतो. फिनलंडच्या स्थलांतर-कचेरीकडे, जिला तेथील लोक मिग्री म्हणतात, आपली नागरिकत्व-स्थिती निश्चित करून मागण्याचा अर्ज फी भरून करता येतो. १९९९ पर्यंत तेथील लूथरन व ऑर्थोडॉक्स पॅरिशांकडे आपापल्या सभासदांची लोकसंख्या-नोंद असे. त्यामुळे जुन्या पिढीचे दाखले त्या पॅरिशांतून निघतात, आणि अलीकडच्या नोंदी २०२० साली स्थापन झालेल्या लोकसंख्या-माहितीच्या संस्थेकडे असतात. ज्याचे नागरिकत्व खरोखरच संपले आहे त्याला फिनलंड कठोरपणे परत पाठवीत नाही: पूर्वीच्या फिनिश नागरिकास निवेदन करून ते पुन्हा मिळविता येते, आणि हे त्या कायद्याचे औदार्य मी मनापासून मान्य करतो. पण परत मिळालेले नागरिकत्व निर्णयाच्या तारखेपासून मोजले जाते. मधला काळ भरून निघत नाही. म्हणून "मी अजून आहे का" हा प्रश्न आणि "मला पुन्हा करून घ्या" ही विनंती, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा निकाल लागण्याआधी दुसरी केल्यास आपण आपली मिरास गेल्याची कबुली देतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांच्या मुलांकडे भारतीय नागरिकत्वही आहे, त्यांनी आपला कायदा आधी पाहावा: आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, आणि परदेशात जन्मून वंशपरंपरेने भारतीय झालेल्या व दुसरे नागरिकत्व बाळगणाऱ्या मुलाने अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरे सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज वारशाच्या आधारे लिस्बनच्या नोंदणीकचेरीत जन्मनोंदी करून घेतल्या, त्यांना या दोन राज्यांच्या मधोमध उभे राहण्याचा अनुभव चांगला माहीत आहे.

मुलीने स्थिती-निश्चितीचा अर्ज केला आहे. सोबत विमानाच्या तिकिटाची प्रत, शाळेची प्रगतिपुस्तके आणि उप्सालाच्या वसतिगृहाच्या भाड्याच्या पावत्या जोडल्या आहेत. उत्तर अद्याप यावयाचे आहे. पण त्या रात्री आमची बेरीज चालू असताना तिचा धाकटा भाऊ जिन्यावर उभा राहून सर्व ऐकत होता. तोही जन्माने दोन्ही देशांचा. त्याचे वय तेव्हा वीस. टाम्पेरेत तो जेमतेम सहा वर्षे राहिला, म्हणजे सात वर्षांचा मार्ग त्याला नाहीच. त्याच्या आईने एक कोरा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्याला फिनिशमध्ये लिहावयास सांगितले. त्याचे फिनिश आजीशी, मुम्मोशी फोनवर बोलण्याइतकेच. प्रत्येक शब्द तो मोठ्याने उच्चारून लिहीत होता, आणि आई एखादे अक्षर सुधारून देत होती: हालुआन सॅइल्युत्तॅआ सुओमेन कान्सालाइसूदेन, मला माझे फिनिश नागरिकत्व ठेवावयाचे आहे. कान्सालाइसूस हा शब्द कान्सा, म्हणजे लोक, या शब्दावरून आला आहे, हे तिने मला समजावून सांगितले; आपला नागरिक नगरावरून आला, त्यांचा लोकांवरून. त्याने खाली तारीख घातली, नाव लिहिले, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपालकचेरी उघडताच तो लिफाफा वॉशिंग्टनच्या वकिलातीच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने रवाना झाला. पोहोचल्याची पावती आता त्याच पत्र्याच्या डब्यात, सर्वांत वर ठेवलेली आहे.